पाठ केलेले छंद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शैक्षणिक पुरवणीत गेले काही आठवडे इंग्रजीच्या तोंडी परीक्षेसाठी नमुना उत्तरं छापून येत आहेत. त्यातलं 'छंद आणि मोकळा वेळ' या विषयावरचं उत्तर वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून हे पत्र. मी इंग्रजी शिकवते. शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा कायमचं परदेशी जाण्यासाठी जी मंडळी आयईएलटीएस किंवा तशा इंग्रजीच्या परीक्षा देतात, त्यांच्याकडून बोलण्याची तयारी करून घेणं हे माझं बरीच वर्षं चाललेलं काम आहे. पत्र लांबलं आहे याची जाणीव आहे. जागेअभावी कापावंच लागलं तर माझ्या तक्रारी कापा, पण पुढे एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मुलाबद्दल लिहिलं आहे तेवढं ठेवा.

आपल्या नमुन्यातला उमेदवार सांगतो की वाचन हा त्याचा छंद आहे. वाचनानं ज्ञान वाढतं, शब्दसंपत्ती वाढते, मनाला शांती मिळते, पुस्तकं ही माणसाची खरी मित्र असतात. यातलं एकही वाक्य व्याकरणात चुकलेलं नाही. पण तो माणूस त्यात कुठेच सापडत नाही. कोणतं पुस्तक, रात्री वाचतो की प्रवासात, अर्धवट सोडून दिलेलं शेवटचं कोणतं, कुणी हातात दिलेलं, कशावर चिडला, कशावर हसला, काही नाही. हे उत्तर कुणाचंही होऊ शकतं, आणि तसंच होतं. माझ्याकडे पहिल्या दिवशी येणाऱ्यांना मी विचारते, फावल्या वेळात काय करता? वाचन, संगीत ऐकणं, प्रवास. जवळजवळ प्रत्येकाचं हेच, याच क्रमानं. मग मी विचारते, शेवटचं काय ऐकलंत? त्यावर जी शांतता पसरते ती इंग्रजी येत नसल्याची शांतता नसते. त्या माणसाजवळ सांगायला त्या विषयातलं खरं काही नसतं, एवढंच तिचं कारण. मराठीत विचारलं असतं तरी तो तिथेच अडला असता.

ही परीक्षा कशी चालते ते थोडं सांगते, कारण नमुना उत्तरांचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. आयईएलटीएसची तोंडी परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते. समोर एक परीक्षक, आणि सगळं संभाषण रेकॉर्ड होतं. तिचे तीन भाग आहेत आणि ही तीन भागांची रचना 2001 पासून चालत आली आहे. पहिल्या भागात चार-पाच मिनिटं ओळखीच्या विषयांवर छोटे प्रश्न विचारतात: घर, काम किंवा शिक्षण, आणि मग आवडीनिवडी, सुट्टीचा दिवस, संगीत, खेळ असं काहीतरी. दुसऱ्या भागात एक कार्ड हातात देतात. त्यावर विषय आणि काही मुद्दे असतात, तयारीला एक मिनिट, टिपणं काढायला कागद-पेन्सिल, आणि मग एक ते दोन मिनिटं सलग बोलायचं. तिसऱ्या भागात पुन्हा चार-पाच मिनिटं, पण आता चर्चा. स्वतःबद्दल बोलणं संपतं आणि एकूण माणसांबद्दल, समाजाबद्दल बोलायचं असतं.

गुण चार निकषांवर देतात आणि चौघांनाही सारखं वजन असतं. बोलण्यातला ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणातली विविधता आणि अचूकता, आणि उच्चार. या चारांत छंदाला गुण नाहीत. पियानो वाजवणाऱ्याला जास्त आणि दुपारी झोपणाऱ्याला कमी, असं कुठेही लिहिलेलं नाही. उमेदवार खरं बोलतो आहे की खोटं, हे तपासणं परीक्षकाचं काम नाही. हे निकष गुप्तही नाहीत. कोणत्या बँडला, म्हणजे गुणांच्या कोणत्या पातळीला, काय अपेक्षित आहे याचा तक्ता कुणालाही वाचता येतो. त्या तक्त्यात व्याकरणाच्या रकान्यात तिसऱ्या बँडपाशी, म्हणजे नवापैकी तिसऱ्या, पाठ केल्यासारख्या वाक्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पाठांतराची जागा परीक्षा घेणाऱ्यांनी इतकी खाली दाखवून ठेवली आहे, आणि आपण मुलांना पाठांतरच देतो.

यावर पालक मला हमखास म्हणतात, परीक्षकाला काय कळतं पाठ केलंय ते? मी त्यांना म्हणते, तुम्हीच डोळे मिटून ऐका. मुलगा 'माझं नाव, मी इथे राहतो, इंजिनिअरिंगला आहे' हे अडखळत, श्वास घेत, मध्येच शब्द बदलत सांगतो. छंदाचा प्रश्न आला की आवाजाचा सूरच पालटतो. वेग वाढतो, विरामाच्या जागा हलतात, वाक्यं लांब आणि गुळगुळीत होतात. मग परीक्षक साधासा पुढचा प्रश्न टाकतो, 'लहानपणीही हेच आवडायचं का?' आणि मुलगा पुन्हा पहिल्या आवाजात येतो. एका मिनिटात दोन वेगवेगळी माणसं बोललेली ऐकू येतात. हे मला घरच्या खोलीत कळतं, तर ज्यांना याचं रीतसर प्रशिक्षण आहे त्यांना कळणार नाही, असं कसं मानायचं? शिवाय पहिल्या भागात उत्तर फार लांबलं तर परीक्षक मध्येच थांबवून पुढे जातो. चार ओळी पाठ असतील आणि दुसऱ्याच ओळीला थांबवलं, तर पाठ केलेला मुलगा पार गोंधळून जातो. उरलेल्या दोन ओळींचं काय करायचं हेच त्याला सुचत नाही.

आता त्या मुलाबद्दल. वीजजोडणीची कामं करणारा, विशीतला. बोलणं मुळातच कमी. त्यानंही वाचनच सांगितलं. त्याच्या तर्जनीच्या टोकाला तेलाचा काळसर डाग होता, म्हणून मी सहज विचारलं की कामावरून थेट आलास का. म्हणाला, नाही, घड्याळ उघडून बसलो होतो. चावीची, लंबकाची भिंतीवरची जुनी घड्याळं तो दुरुस्त करतो. कुणी शिकवलेलं नाही. बंद पडलेलं एक घरात होतं, ते उघडलं, बिघडवलं, पुन्हा जुळवलं, आणि तेव्हापासून ओळखीतले लोक आपापली आणून देतात. मी म्हटलं, हेच सांग की इंग्रजीत. तर म्हणाला, 'मॅडम, हे काय छंद म्हणून सांगायचं? परीक्षेत सांगण्यासारखं नाही ते.'

ते वाक्य माझ्या फार जिव्हारी लागलं. चार मानलेले, सभ्य वाटणारे छंद सोडले तर बाकी सगळं 'सांगण्यासारखं नाही' हे त्याच्या डोक्यात कुणीतरी भरवलं होतं. आपण सगळ्यांनी मिळून भरवलं, असंच मला वाटतं. शाळेच्या निबंधाच्या वहीपासून ते सुरू होतं.

मी त्याला सांगितलं, इंग्रजीची काळजी सोड, मला घड्याळ समजत नाही, मला समजावून सांग. तो थांबत थांबत बोलू लागला. आधी मी उघडत नाही, आधी ऐकतो, असं त्यानं सांगितलं. टिक आणि टॉक यांच्यामधलं अंतर सारखं नसेल तर घड्याळ सरळ टांगलेलं नाही, आत काही बिघडलेलं असेलच असं नाही. लंबकाखालचा छोटा नट वर फिरवला तर घड्याळ पुढे जातं, खाली फिरवला तर मागे पडतं. तेल जास्त घातलं की धूळ चिकटते आणि मग चाकं अडतात, म्हणून सुईच्या टोकावर मावेल एवढंच घालायचं. लंबकाला इंग्रजीत काय म्हणतात ते त्याला आठवेना, तेव्हा तो म्हणाला, 'द लाँग पीस दॅट स्विंग्ज लेफ्ट अँड राइट.' मी टेबलावर हात आपटला. निकषांच्या तक्त्यात शब्दसंपत्तीच्या रकान्यात नेमकं हेच मोलाचं मानलं आहे. शब्द आठवला नाही तर दुसऱ्या शब्दांत अर्थ पोचवता येणं. पाठ केलेल्या उत्तरात ही वेळच येत नाही, कारण तिथे सगळे शब्द आधीच कुणीतरी बसवून दिलेले असतात.

त्याच्या त्या बोलण्यात काय काय आलं ते मी नंतर वहीत मांडलं. 'असं केलं तर असं होतं' ही जोडवाक्यं त्यानं न सांगता वापरली, कारण घड्याळाचं काम त्या जोडीशिवाय सांगताच येत नाही. आधी, मग, त्यानंतर, तोपर्यंत हे दुवे आले, कारण कामाला क्रम आहे. भूतकाळ आला, कारण पहिलं घड्याळ कसं बिघडवलं ते सांगायचं होतं. वर्तमानातली सवय आली. आणि 'मला एकदा मनगटी घड्याळ उघडून बघायचं आहे, पण भीती वाटते, भाग फार लहान असतात' हे भविष्यातलं आलं. चुका होत्या. बऱ्याच होत्या. 'सिन्स फाइव्ह इयर्स' म्हणाला, तिथे 'फॉर' हवं होतं. 'आय ॲम रिपेअरिंग' म्हणाला, तिथे 'आय हॅव बिन रिपेअरिंग' हवं होतं. मराठीतून इंग्रजीत येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडे या दोन चुका असतात आणि त्या दुरुस्त करणं शिक्षकाला जमतं. पण ज्या उत्तरात चूकच होऊ शकत नाही, कारण ते त्याचं नाहीच, तिथे मी दुरुस्त काय करू?

दुसरी एक बाई आठवते. रुग्णालयात परिचारिका. तिला परदेशी नोकरीसाठी हवा तो बँड मिळवायचाच होता, घरातल्या सगळ्यांचं पुढचं त्यावर अवलंबून. छंद विचारला तर ती एकदम डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, 'मला छंदच नाही हो. वेळच नसतो.' दिवसपाळी, रात्रपाळी, घरी दोन मुलं, आजारी सासूबाई. तिनं एका वर्गात छापील उत्तर घेतलं होतं, त्यात ती शनिवार-रविवारी डोंगरात भटकायला जाते असं होतं. ते म्हणताना तिला स्वतःचीच लाज वाटायची, आणि ती लाज उच्चारांतून, खाली घातलेल्या नजरेतून दिसायची. ज्या बाईला सलग झोप मिळत नाही तिच्या तोंडी डोंगर कशासाठी घालायचे?

मोकळा वेळ मिळत नाही, हेही या प्रश्नाचं पूर्ण आणि चांगलं उत्तर आहे. हे मला आपल्या वाचकांना अगदी ठासून सांगायचं आहे, कारण परीक्षेला बसणाऱ्यांत संसार आणि नोकरी सांभाळणारी मोठी माणसं पुष्कळ असतात आणि त्यांना हे कुणी सांगत नाही. आम्ही दोघींनी तिचं खरं उत्तर शोधलं. रात्रपाळी संपली की ती झोपते, हे पहिलं वाक्य. प्रामाणिक, लहान, आणि ऐकणाऱ्याला पटकन जवळ आणणारं. सुट्टीच्या दिवशी मुलं उठायच्या आधी अर्धा तास ती खिडकीशी नुसती बसून राहते, कुणी हाक मारणार नाही याची खात्री असलेली तेवढीच वेळ, हे दुसरं. आणि मग विचारता विचारता निघालं की कॉलेजात ती व्हॉलीबॉल खेळायची, संघात होती, सर्व्हिस चांगली होती. 'आय यूज्ड टू प्ले' हे रूप मी तिला व्याकरणाच्या तासात शिकवून शिकवून थकले होते. त्या दिवशी ते तिच्या तोंडात आपसूक बसलं, कारण आता तिच्याजवळ त्या रूपात सांगण्यासारखं काहीतरी होतं. पुढे तिनंच जोडलं, वेळ मिळाला असता तर मुलीला शिकवलं असतं. जर-तरची ही रचना पुस्तकात तीन पानं घेते. तिला एका दमात जमली.

ती पास झाली का, असं वाचक विचारतील. झाली. पण त्या व्हॉलीबॉलमुळे झाली असा दावा मी करणार नाही. तिनं ऐकण्याचा, वाचनाचा, लेखनाचा सराव कसून केला होता. मी एवढंच सांगू शकते की तोंडी परीक्षेची तिची भीती त्या संध्याकाळनंतर पुष्कळ उतरली.

मोबाइलचं काय, हाही प्रश्न येतो. तरुण मुलं दबक्या आवाजात विचारतात, 'मॅडम, मी नुसता मोबाइलच बघतो, हे कसं सांगू?' सांगायचं. मात्र 'मी मोबाइल बघतो' एवढ्यावर थांबायचं नाही. काय बघतोस? एक मुलगा जगातल्या वेगवेगळ्या रेल्वेगाड्यांचे चालकाच्या केबिनमधून घेतलेले व्हिडिओ तासन्‌तास बघायचा. गाडी बोगद्यातून बाहेर येताना डोळ्यांना काय होतं, बर्फातल्या मार्गावर आवाज कसा दबतो, हे त्यानं इतकं छान सांगितलं की मी घड्याळ बघायची विसरले. एक मुलगी बुद्धिबळाच्या जुन्या डावांची उकल बघायची आणि हरलेल्या खेळाडूची बाजू घ्यायची. तिच्याजवळ मत होतं, कारण होतं, उदाहरण होतं. परीक्षकाला याहून जास्त काय लागतं?

दुसऱ्या भागातल्या कार्डाबद्दल थोडं. 'तुम्हाला आवडणारी एखादी गोष्ट, जी तुम्ही फावल्या वेळात करता' अशा धर्तीचं कार्ड आलं तर त्या एका मिनिटात बहुतेक मुलं वाक्यं लिहू लागतात. दोन वाक्यं होतात न होतात तोच वेळ संपतो. मी सुटे शब्द लिहायला लावते. एक जागा, एक माणूस, एक वस्तू, एक अडचण, एक प्रसंग. वस्तूपासून सुरुवात केली तर बोलणं सहसा अडत नाही, कारण वस्तू डोळ्यांसमोर धरता येते. क्रोशाची सुई म्हटलं की ती कुणी दिली, कोणत्या नंबरची, पहिला टाका कसा उसवला, हे मागोमाग येतं. 'क्रोशाचे फायदे' म्हटलं की तिसऱ्या वाक्याला विहीर आटते. दोन मिनिटं झाल्यावर परीक्षक थांबवतो, तेव्हा मुलांना वाटतं काहीतरी चुकलं. काही चुकलेलं नसतं, वेळ पाळायची असते म्हणून थांबवतात. आणि सगळे मुद्दे संपवायलाच हवेत असा ताणही घेऊ नये. एका मुद्द्यात रमलात आणि बोलत राहिलात तर ते चांगलंच.

पाठांतराचा खरा कस तिसऱ्या भागात लागतो. तिथे प्रश्न साधारण असे येतात: पूर्वीपेक्षा लोकांना मोकळा वेळ कमी मिळतो का? छंदातून पैसे मिळू लागले की त्यातली मजा जाते का? मुलांच्या फावल्या वेळाचं वेळापत्रक आईवडिलांनी ठरवावं का? याची नमुना उत्तरं कुणी किती छापणार? घड्याळवाल्या मुलाला मी सरावात दुसरा प्रश्न विचारला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला की तो घड्याळाचे पैसे घेत नाही, फक्त सुटे भाग विकत आणावे लागले तर त्यांचे घेतो. पैसे घेतले की तारीख द्यावी लागते, तारीख दिली की घाई होते, आणि घाईत उघडलेलं घड्याळ नीट जुळत नाही. मग त्यानं आपणहून पुढे जोडलं की सगळ्यांना हे परवडणार नाही, ज्याचं पोट त्यावर आहे त्याला तारीख द्यावीच लागेल. एक बाजू मांडली, मर्यादा सांगितली, दुसऱ्याची परिस्थिती लक्षात घेतली. इंग्रजी साधंच होतं. आणि तो थांबला होता ते विचार करायला थांबला होता. नवव्या बँडचं वर्णन वाचलं तर तिथेही थांबण्याला जागा आहे. शब्द किंवा व्याकरण शोधण्यासाठी थांबणं वेगळं आणि काय म्हणायचं याचा विचार करण्यासाठी थांबणं वेगळं, असा फरक तिथे केलेला आहे. आपल्या मुलांना मात्र आपण शिकवतो की थांबलात की मेलात.

उच्चारांबद्दलही गैरसमज फार आहेत. परदेशी माणसासारखा सूर काढावा लागतो असं समजून मुलं उसना आवाज आणतात आणि त्यात शब्द गिळले जातात. परीक्षक बघतो ते हे की ऐकणाऱ्याला बोलणं सहज समजतं का, शब्दातला आणि वाक्यातला जोर योग्य जागी पडतो का, आवाजाचा चढउतार अर्थाला धरून आहे का. ज्या गोष्टीत आपण खरोखर रमतो ती सांगताना हा चढउतार आपोआप येतो. रेल्वेवाला मुलगा बोगद्याबद्दल सांगताना कधी सपाट बोललाच नाही.

इतर परीक्षांतही चित्र फारसं वेगळं नाही. केंब्रिजच्या बी टू फर्स्ट या इंग्रजीच्या परीक्षेत दोन उमेदवार एकत्र बसतात, एक परीक्षक बोलतो आणि दुसरा फक्त ऐकून गुण देतो. तिथे जोडीदाराचं ऐकून त्याला धरून बोलावं लागतं, म्हणजे पाठांतर आणखीच निरुपयोगी. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या तोंडी परीक्षांत बऱ्याच पातळ्यांवर विषय उमेदवारानं स्वतः निवडून आणायचा असतो. स्वतः निवडायची मुभा असताना मुलं गुगलवरून विषय उचलतात, याचं मला खरोखर दुःख होतं. आणि युरोपच्या परिषदेनं 2001 साली प्रसिद्ध केलेल्या भाषापातळ्यांच्या चौकटीत बी वन या मधल्या पातळीचं वर्णन बघा: ओळखीच्या किंवा स्वतःला रस असलेल्या विषयांवर साधं, जोडलेलं बोलता-लिहिता येणं. स्वतःला रस असलेल्या विषयांवर, हे तिथे मुद्दाम म्हटलं आहे. छंदाचा प्रश्न परीक्षेत ठेवतात तो माणसाला सोपं जावं म्हणून. सगळ्यांत सोपा प्रश्न आपण सगळ्यांत अवघड करून ठेवला आहे.

नमुना उत्तरांच्या बाजूनंही बोलायला हवं. अगदी नवशिक्याला काहीतरी आधार लागतो. 'मला अमुक करायला आवडतं, कारण', 'लहान असताना मी', 'वेळ मिळाला तर मला' अशी वाक्यांची सुरुवात हातात दिली तर त्याला बळ येतं, आणि ती मीही देते. पोहायला शिकताना कमरेला डबा बांधतात तसा तो आधार आहे. माझी हरकत आहे ती पुढचा मजकूरही आयता भरून देण्याला. सुरुवात द्यावी, पण 'कारण' या शब्दानंतरची जागा मोकळी ठेवावी. ती ज्याची त्यानं भरायची.

वर्ग चालवणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंचीही अडचण मला ठाऊक आहे. एका वेळी तीस-चाळीस जण समोर असतात, परीक्षेची तारीख डोक्यावर असते, पालकांना घरी न्यायला काहीतरी कागद हवा असतो. छापील उत्तर देणं सोपं जातं. पण तीस जणांना आपसांत जोड्या करून बसवलं आणि प्रत्येकानं दुसऱ्याला फक्त 'का', 'कधीपासून', 'कुणाबरोबर', 'सोडून का दिलंस' एवढंच विचारायचं असं ठरवलं, तर त्याला ना जास्त शिक्षक लागतात ना जास्त कागद. गोंगाट होतो, होऊ दे. घरी एकट्यानं सराव करणाऱ्यानं मोबाइलवर दोन मिनिटं स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करावं, ऐकावं, आणि तेच दुसऱ्या दिवशी न वाचता, न लिहिता पुन्हा सांगावं. शब्द बदलतील. ते बदलणं म्हणजेच बोलता येणं.

पालकांना एकच विनंती. मूल काय करताना जेवायची हाक ऐकत नाही, ते बघा, आणि त्याबद्दल त्याला प्रश्न विचारा. 'यातून मिळणार काय' हा प्रश्न सोडून कुठलाही. ज्याला घरी कधी कुणी त्याच्या आवडीबद्दल नीट दोन प्रश्न विचारलेले नाहीत, त्यानं परक्या भाषेत, परक्या माणसासमोर ते अचानक सांगावं, ही अपेक्षा मला कठोर वाटते.

आता आपल्याकडे मागणं. पुरवणीतलं हे सदर बंद करू नका. त्याची गरज आहे, विशेषतः ज्यांना महागड्या वर्गांचं शुल्क परवडत नाही त्यांना. फक्त नमुना उत्तराच्या जागी प्रश्नांची साखळी छापा. एका विषयावर आठ-दहा प्रश्न, सोप्याकडून अवघडाकडे जाणारे, पहिल्या भागातल्या 'सुट्टीच्या दिवशी काय करता' पासून तिसऱ्या भागातल्या 'माणसाला रिकामा वेळ हवाच का' पर्यंत. शेजारी दर वेळी एका खऱ्या उमेदवाराचं खरं उत्तर द्या, नाव न छापता, त्याच्या चुकांसकट, आणि खाली एखाद्या शिक्षकानं दोन ओळींत लिहावं की यात चांगलं काय आहे आणि कोणतं एक वाक्य सुधारायचं. दहा चुकांपैकी एकच सुधारावी, म्हणजे वाचणाऱ्याचा धीर सुटत नाही.

अशा प्रश्नसाखळ्या माझ्याकडे बऱ्याच तयार आहेत. मोकळा वेळ, घर, पाऊस, शेजार, शाळेचा पहिला दिवस, हरवलेली वस्तू. मानधन नको. आपल्या पुरवणीच्या संपादकांनी कळवलं तर पहिली साखळी मी लगेच पाठवीन, आणि ज्यांची उत्तरं छापायची त्यांची परवानगीही मीच घेऊन ठेवीन. घड्याळवाल्या मुलानं त्याची परवानगी आधीच दिली आहे. त्याचं म्हणणं एवढंच आहे की लंबकाचा नट कुठल्या बाजूला फिरवायचा ते नीट छापा, लोक उलटा फिरवतात.

आपली नम्र,
इंग्रजीची एक शिक्षिका आणि आपल्या दैनिकाची जुनी वाचक